दुसऱ्याच्या नावाची पाटी

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेला आणि मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आजोळच्या गावी गुरे राखून लहानाचा मोठा झालेला डेबूजी झिंगराजी जानोरकर हा तरुण १९०५ साली घरदार सोडून निघाला तेव्हा त्याच्यापाशी नाव म्हणावे असे काही नव्हते. हाती खराटा, अंगावर चिंध्यांचे पांघरूण आणि खाण्यापिण्यासाठी मातीचे एक गाडगे, एवढ्या संसारावर गावोगाव हिंडणाऱ्या त्या माणसाला लोकांनीच गाडगेबाबा म्हणावयास आरंभ केला. आणि २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावनजीक पेढी नदीच्या परिसरात त्यांनी देह ठेवला तोवर या लोकांनी दिलेल्या नावाला अशी योग्यता आली होती की, त्या नावाने हाक घातली म्हणजे गावचा सावकार आणि रस्त्यावरचा हमाल हे दोघेही सारख्याच विश्वासाने पुढे होत. त्या विश्वासातून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, अन्नछत्रे चालली, आणि १९५२ साली त्यांच्या नावाने मिशनची स्थापना झाली. बाबांनी त्या नावावर स्वतःसाठी एक छदामही मिळविला नाही.

हेच नाव, अथवा वऱ्हाडातील दुसऱ्या कोणत्याही वंद्य व्यक्तीचे नाव, इंटरनेटवरील पत्ता म्हणून आपल्या ताब्यात घेण्याची इच्छा आज कोणास झाली, तर त्यास काय करावे लागते हे एकदा जवळून पाहावे. अमरावतीच्या एखाद्या चहाच्या टपरीवर बसून तो मोबाईलवर नोंदणी करणाऱ्या कंपनीचे पान उघडतो. मधल्या चौकोनात रोमन अक्षरांत ते नाव लिहितो. त्यापुढे डॉट कॉम, डॉट इन, डॉट ओआरजी अशा शेपट्यांची यादी येते, त्यांपैकी जी शिल्लक असेल तिच्यासमोर वार्षिक किंमत दिसते, आणि ती बहुधा हजार रुपयांच्या आसपास असते. नाव, पत्ता, ई-मेल, फोन क्रमांक भरून यूपीआयने पैसे चुकते केले की चहा निवण्यापूर्वी ते नाव त्याचे होते. या सबंध व्यवहारात ‘तुम्ही या नावाचे कोण?’ हा एकच प्रश्न कोठेही विचारला जात नाही, आणि विचारणारा कोणी नेमलेलाही नाही.

हे असे का, ते समजून घेण्यासाठी या व्यवस्थेची घडण थोडक्यात सांगितली पाहिजे. इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला मुळात अंकांचा पत्ता असतो. माणसांना अंक लक्षात राहत नाहीत म्हणून अंकांऐवजी शब्द वापरण्याची जी सोय करण्यात आली, तिचे नाव डोमेन. या सबंध सोयीवर १९९८ साली अमेरिकेत स्थापन झालेली ‘आयकॅन’ ही संस्था देखरेख ठेवते; डॉट कॉमची मुख्य नोंदवही व्हेरिसाइन नामक कंपनीकडे, तर आपल्या देशाच्या डॉट इनची नोंदवही ‘निक्सी’ या भारतीय संस्थेकडे असते; आणि त्यांच्या खाली किरकोळ नोंदणी करणाऱ्या कंपन्या असतात, ज्यांच्याशी तुमचाआमचा संबंध येतो. नियम एकच : जो प्रथम येईल त्याला प्रथम मिळेल. नोंदणी एका वर्षापासून फार तर दहा वर्षांपर्यंत करता येते, आणि मुदत संपताना पुन्हा पैसे भरले नाहीत तर, काही दिवसांच्या सवलतीनंतर, ते नाव पुन्हा बाजारात येते. अर्थात ज्याला आपण विकत घेणे म्हणतो ते वस्तुतः विकत घेणे नसून मुदतीचा मक्ता घेणे असते.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला या नोंदीचे स्वरूप समजावून सांगण्यास फार सायास पडू नयेत. सातबाऱ्यावर नाव चढले, तलाठ्याने फेरफार नोंदविला, मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित केला, म्हणजे सारा कोणाकडून वसूल करावयाचा हे ठरले. जमीन कोणाची हे त्यावरून अखेरचे ठरत नाही, तो वाद दिवाणी न्यायालयातच तुटतो, हे वाटण्यांच्या आणि कब्जावहिवाटीच्या खटल्यांत पिढ्या घालविलेल्या आपल्या लोकांना चांगले ठाऊक आहे. डोमेनची नोंद त्याच जातीची आहे. पैसे कोणी भरले एवढेच ती सांगते. त्या नावावर हक्क कोणाचा, याविषयी ती मुकी असते.

यावर कोणी म्हणेल की, थोर माणसांच्या नावांचा वापर आपल्याकडे कधी नव्हता? राजकमल चौकापासून बडनेऱ्यापर्यंत किंवा अकोल्याच्या टिळक रोडवर फेरी मारली तर संतांच्या, पुढाऱ्यांच्या आणि देवादिकांच्या नावाची किराणा दुकाने, औषधालये, मंगल कार्यालये पावलोपावली दिसतील, आणि त्यांत कोणाला गैर वाटत नाही. ते खरे आहे, आणि गैर वाटू नये हेही योग्यच आहे. गाडगेबाबांच्या नावाची दहा दुकाने एकाच शहरात सुखाने नांदू शकतात; एकाने पाटी लावली म्हणून दुसऱ्याची उतरत नाही; आणि त्या पाटीखाली उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला पुरते ठाऊक असते की आपण तेल-मीठ घ्यावयास आलो आहोत, बाबांच्या मिशनमध्ये नव्हे. इंटरनेटवर मात्र एका शेपटीसह एक नाव जगात एकदाच असते. ते एकाने घेतले की उरलेल्या सर्वांना, खुद्द त्या नावाच्या माणसाला आणि त्याने स्थापिलेल्या संस्थेलाही, ते बंद होते. शिवाय तेथे येणारा मनुष्य पाटी वाचून आत शिरलेला नसतो. तो त्या व्यक्तीचाच शोध घेत, तिचे नाव स्वतःच्या बोटांनी लिहून आलेला असतो. दाराशी येऊन त्याने ज्याला हाक मारली आहे त्याच्या जागी दुसऱ्यानेच ‘ओ’ द्यावी, यातच या प्रश्नाची नैतिक बाजू सबंध साठविलेली आहे.

पूर्वीच्या व्यवस्थांना हा प्रश्न सुचलेला होता, हे विसरता कामा नये. अमरावतीत कोणाला वर्तमानपत्र काढावयाचे झाले तर १८६७ च्या कायद्यान्वये त्याला जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीत जाऊन प्रतिज्ञापत्र करावे लागे, मुद्रक कोण, प्रकाशक कोण, हे सहीनिशी सांगावे लागे. पुढे नावाची पडताळणीही होऊ लागली, जेणेकरून एकाच्या नावावर दुसऱ्याने पत्र काढू नये. धर्मादाय संस्था नोंदवावयाची तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याप्रमाणे विश्वस्तांची नावे, मिळकतीचा तपशील आणि घटना धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी दाखल करावी लागते. हे अडथळे त्रासदायक होते आणि त्यांचा दुरुपयोगही झाला, तथापि त्यांच्या मुळाशी एक शहाणपण होते : सार्वजनिक विश्वास मागणाऱ्याने आपण कोण आहोत हे सार्वजनिक रीतीने सांगितले पाहिजे. डोमेनच्या बाजारात हे शहाणपण वेगाच्या मोबदल्यात सोडून देण्यात आले, आणि अलीकडे तर नोंदणीदाराचे नाव झाकून ठेवण्याचीच रीत पडली आहे.

या सोडून दिलेल्या शहाणपणाची किंमत लवकरच द्यावी लागली. १९९९ साली आयकॅनने डोमेनविषयक तंट्यांसाठी एक समान धोरण ठरविले, ज्यानुसार तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : वादग्रस्त नाव आपल्या व्यापारचिन्हाशी तंतोतंत किंवा भ्रम उत्पन्न होईल इतके जुळते, नोंदणीदाराचा त्या नावाशी कोणताही न्याय्य संबंध नाही, आणि त्याने ते दुष्ट हेतूने नोंदविले व वापरले. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेपुढे पुढच्याच वर्षी नामांकित व्यक्तींच्या तक्रारींची रांग लागली. अभिनेत्री ज्युलिया रॉबर्ट्स हिचे नाव एकाने घेऊन लिलावाला ठेवले होते. ते तिला परत मिळाले. इंग्लंडच्या लेखिका जिनेट विंटरसन यांचे प्रकरण तर कोणाही लेखकाने लक्षात ठेवावे असे आहे : तेथे एका संशोधकाने शंभराहून अधिक लेखकांची नावे एकामागून एक आपल्या नावे करून घेतली होती. विंटरसन यांनाही त्यांचे नाव मिळाले. परंतु ‘स्टिंग’ या टोपणनावाने प्रसिद्ध असलेला गायक त्याच वर्षी हरला, कारण ‘स्टिंग’ हा इंग्रजीतला नित्याच्या वापरातील शब्द ठरला; आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन हा गायक २००१ च्या आरंभी हरला, कारण नोंदणीदाराचा दुष्ट हेतू निर्णायक मंडळाच्या बहुमताला पटला नाही.

आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ सालीच ‘रेडिफ’च्या नावाशी मिळतेजुळते नाव घेणाऱ्यास प्रतिबंध केला, आणि २००४ साली सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन-नावालाही व्यापारचिन्हासारखेच संरक्षण लागू होते असे ठरविले. हे तंटे कंपन्यांचे होते. व्यक्तीच्या नावाचा भारतातील ठळक निवाडा २०११ चा, दिल्ली उच्च न्यायालयाचा, आणि तो अरुण जेटली यांच्या नावाविषयीचा आहे. जेटलींना २००९ साली आपल्या नावाचे डॉट कॉम घ्यावयाचे होते. ते अगोदरच दुसऱ्याच्या हाती गेलेले असून त्यासाठी भरमसाट किंमत मागितली जात असल्याचे त्यांना आढळले, आणि ते न्यायालयात गेले. न्यायालयाने असे मानले की अनेक क्षेत्रांतील कर्तृत्वामुळे हे नाव स्वतःच एक ओळख होऊन बसले आहे, आणि तसे नाव दुसऱ्याने अडवून धरणे न्याय्य नाही. पुढे २०२३ साली अभिनेते अनिल कपूर यांना दिल्लीत, आणि २०२४ साली गायक अरिजित सिंग यांना मुंबईत जे संरक्षण मिळाले, त्यांत आवाजाच्या व चेहऱ्याच्या कृत्रिम नकलांबरोबर त्यांच्या नावाची डोमेनेही आली. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही कृत्रिम बुद्धिमत्तेने आपला आवाज उचलणाऱ्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले आणि त्यांना न्याय मिळाला, ही मराठी मनाला समाधान देणारी गोष्ट होय.

येथपर्यंतची हकीकत वाचून कोणाचाही समज व्हावा की कायद्याने आपले काम केले आहे. परंतु या निवाड्यांच्या मुळाशी जे तत्त्व आहे ते जरा निरखून पाहिले म्हणजे मन अस्वस्थ होते. अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या उपराज्यपाल कॅथलीन केनेडी टाउनसेंड, रॉबर्ट केनेडी यांची कन्या, यांनी आपल्या नावाची डोमेने परत मागितली तेव्हा २००२ साली त्यांची तक्रार फेटाळण्यात आली. कारण त्यांचे नाव सर्वतोमुखी असले तरी ते त्यांनी व्यापारात वापरलेले नव्हते. त्याच्या आदल्याच वर्षी, २००१ च्या अहवालात, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने व्यक्तिनामांना या धोरणात आणखी संरक्षण देऊ नये अशीच शिफारस केली होती. म्हणजे नटीचे नाव वाचले, कारण ते तिकिटांवर छापून विकले जात होते. लेखिकेचे वाचले, कारण ते पुस्तकांच्या वेष्टनावर विकले जात होते. आणि जिने आपले नाव केवळ लोकसेवेच्या कामी लावले तिला सांगण्यात आले की तुझ्या नावाची बाजारात किंमत नाही, म्हणून त्याचे रक्षणही नाही.

हे तत्त्व वऱ्हाडाला लावून पाहा. या भूमीने जी मोठी नावे दिली त्यांतील बहुतेकांनी आपले नाव विकले नाही, ते देऊन टाकले. यावलीला १९०९ साली जन्मलेले माणिक बंडोजी इंगळे हे तुकडोजी महाराज झाले आणि मोझरीच्या गुरुकुंजातून खंजिरीच्या बळावर गावे जागी करीत राहिले. पापळ गावच्या शेतकरी कुटुंबातील पंजाबराव देशमुख विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले आणि शिवाजी शिक्षण संस्थेपासून केंद्रीय कृषिमंत्रिपदापर्यंत सर्वत्र लोकांचे भाऊसाहेबच राहिले. अमरावतीच्या विद्यापीठाला २००५ साली गाडगेबाबांचे नाव लाभले, अकोल्याच्या १९६९ सालच्या कृषी विद्यापीठाला भाऊसाहेबांचे. या नावांचे व्यापारचिन्ह कोणी करून ठेवलेले नाही, कारण ते करणे हीच त्या नावांची अप्रतिष्ठा झाली असती. आणि नेमके म्हणूनच आंतरराष्ट्रीय धोरणाच्या तराजूत त्यांचे वजन भरत नाही.

देशी कायद्याचा आधार शोधू गेले तरी हाती फारसे लागत नाही. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या चौदाव्या कलमान्वये हयात व्यक्तीचे, किंवा गेल्या वीस वर्षांत दिवंगत झालेल्या व्यक्तीचे नाव कोणी चिन्ह म्हणून मागितले तर निबंधक संमतीपत्र मागू शकतो. गाडगेबाबांच्या बाबतीत ही वीस वर्षे १९७६ साली संपली, भाऊसाहेबांच्या बाबतीत १९८५ साली आणि तुकडोजी महाराजांच्या बाबतीत १९८८ साली. १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी यांची नावे आहेत. वऱ्हाडच्या या तिघांची नाहीत. तुकडोजी महाराजांच्या ‘ग्रामगीते’वरील स्वामित्वहक्कसुद्धा लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, म्हणजे २०२८ अखेरपर्यंत, टिकेल, त्या ग्रंथाच्या कर्त्याच्या नावाला तेवढेही कुंपण नाही. दिवंगत अभिनेते सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात तर दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली असा विचार मांडला की प्रसिद्धीचा व खाजगीपणाचा हक्क माणसाबरोबरच संपतो, तो वारसाकडे उतरत नाही. उलट २०२५ साली त्याच न्यायालयाने रतन टाटा यांच्या नावाचा परवानगीवाचून पुरस्कारासाठी वापर करणाऱ्यास रोखले. पण तेथे टाटांचे विश्वस्त मंडळ, त्याचे वकील आणि नोंदविलेली चिन्हे ही सारी फौज उभी होती. शेंडगावच्या डेबूजीसाठी कोणी उभे राहावयाचे?

जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही तेथे नीतीचा विचार अधिकच गंभीरपणे करावा लागतो. प्रस्तुत लेखकाच्या मते प्रसिद्ध नाव हे बेवारस मालमत्ता नव्हे, आणि ते एकट्या त्या व्यक्तीचे किंवा तिच्या वारसांचे खाजगी धनही नव्हे. ते एका माणसाच्या आयुष्यभराच्या वर्तनातून आणि असंख्य लोकांच्या श्रद्धेतून संयुक्तपणे निर्माण झालेले असते. म्हणून ते नाव घेणाऱ्याने आपण पहिले आलो एवढे म्हणणे पुरेसे नाही. त्याने स्वतःला हे विचारले पाहिजे की, जो मनुष्य हे नाव लिहून येथे येईल तो कोणाला भेटावयास आलेला असेल, आणि त्याला जे भेटणार आहे ते पाहून तो फसला असे म्हणेल काय? समजा, एखाद्या संताच्या नावाच्या पत्त्यावर त्यांचे छायाचित्र आहे, खाली अन्नदानासाठी देणगीचे आवाहन आहे आणि पैसे पाठविण्याचा चौकोनी कोड आहे. दर्यापूरची एखादी म्हातारी नातवाकडून त्यावर एक्कावन्न रुपये धाडते. ते पैसे कोणाच्या खात्यात गेले हे तिला कधी कळणार नाही. ती कोठे तक्रारही करणार नाही, कारण तिच्या दृष्टीने ते बाबांना पोहोचले. अशा कृत्याला चोरी म्हणण्यास माझी जीभ अडखळत नाही, मग डोमेनचे पैसे त्याने रीतसर भरलेले असोत वा नसोत.

देणगी न मागता नुसते नाव अडवून ठेवणारे जे आहेत, आज ना उद्या कुटुंबाला, पक्षाला किंवा संस्थेला गरज लागेल आणि मग हजाराचे लाख करता येतील या हिशेबाने निवडणुकीच्या तोंडावर उमेदवारांची नावे गोळा करणारे, ते स्वतःला गुंतवणूकदार म्हणवितात. जमिनीत पैसा घालणारा निदान जमीन ओलिताखाली आणतो, बांध घालतो. या गृहस्थाने त्या नावात काय घातले? नावाला मोल आणणारे सारे श्रम दुसऱ्याचे, आणि त्याची अडवणूक तेवढी याची. अशी अडवणूक सोडविण्यास न्याय महागही पडतो : जिनिव्हाच्या संघटनेकडे एका नावाची तक्रार साध्या रीतीने दाखल करावयाची तरी शुल्क दीड हजार डॉलर, म्हणजे लाखाहून अधिक रुपये आहे. त्या मानाने डॉट इनसाठी २००५ पासून असलेले भारतीय धोरण आपल्याला अधिक जवळचे आहे, कारण त्यात व्यापारचिन्हाच्या जोडीला ‘नाव’ हाही शब्द स्पष्टपणे घातलेला आहे. आणि वऱ्हाडातल्या एखाद्या संस्थेने या शब्दाचा आधार घेऊन, व्यापार न केलेल्या नावासाठी दाद मागावी व निर्णायकांनी त्याचा विचार करावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तथापि नीतीची कुऱ्हाड सरसकट चालवूनही भागणार नाही. आपल्याकडे नावे आणि आडनावे यांची इतकी पुनरावृत्ती होते की एखाद्या आमदाराचे नाव आणि आडनाव त्याच जिल्ह्यातील शाळामास्तराचे, डॉक्टराचे आणि एखाद्या शेतकऱ्याचेही असणे सहज संभवते. मास्तरांनी आपल्याच नावाचे डोमेन घेतले आणि तेथे आपले गणिताचे पाठ ठेवले, तर आमदारांनी कितीही मोठेपणा गाजविला तरी ते नाव मास्तरांचेच. येथे प्रथम येणाऱ्याचा नियम न्यायाचाच नियम आहे. टीकाकाराचा हक्कही मला तितकाच मोलाचा वाटतो. अमेरिकेत २०१५ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार कार्ली फिओरिना यांच्या नावाचे डॉट ओआरजी एका टीकाकाराने घेतले आणि त्या प्रमुख असताना ह्यूलेट-पॅकार्डमधून कमी केलेल्या कर्मचाऱ्यांसाठी तेथे प्रत्येकी एक उदास चेहऱ्याचे चिन्ह मांडले. पान उघडताच ते विरोधकाचे आहे हे कोणालाही कळत होते. त्याच निवडणुकीच्या हंगामात दुसरे उमेदवार जेब बुश यांच्या नावाचा डॉट कॉम पत्ता लिहिणारा माणूस मात्र काही कळण्याच्या आत डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारस्थळी जाऊन पडत असे. पहिल्या प्रकारात तिखट टीका आहे, दुसऱ्यात वाटसरूची दिशाभूल आहे. लोकशाहीत सत्ताधाऱ्याचे नाव घेऊन त्याला जाब विचारणे हे नागरिकाचे कर्तव्य असते. त्याच्या आवाजात दुसऱ्याने बोलणे हे कोणाचेच कर्तव्य नसते.

सर्वांत अवघड प्रश्न भक्तांचा आहे, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला अवश्य वाटते, कारण त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नसते. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या कार्यात वाढलेला एखादा तरुण पुण्यास नोकरीला जातो, संगणकाचे काम शिकतो, आणि महाराजांचे नाव भलत्याच्या हाती पडू नये म्हणून पदरचे पैसे घालून ते नोंदवितो. भजने, छायाचित्रे, पुण्यतिथीच्या कार्यक्रमांची माहिती असे सुंदर संकेतस्थळ उभे करतो. हे रक्षणच आहे, आणि त्याचे मोठेपण मान्य केले पाहिजे. परंतु त्याने पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत आपण कोण आहोत आणि मूळ संस्थेचे आपण अधिकृत प्रतिनिधी नाही हे सांगितले पाहिजे. तेथे पैसे स्वीकारू नयेत. आणि मूळ संस्थेने मागितले त्या दिवशी, फार तर प्रत्यक्ष झालेला खर्च घेऊन, ते तिच्या स्वाधीन केले पाहिजे. याहूनही महत्त्वाची गोष्ट मुदतीची. त्या तरुणाची नोकरी बदलते, ई-मेलचा पत्ता बदलतो, बँकेचे कार्ड बाद होते, आणि नूतनीकरणाची सूचना न वाचलेल्या पेटीत पडून राहते. मुदत संपलेल्या, पण लोकांच्या जाण्यायेण्यात असलेल्या नावांवर टपून बसलेले व्यापारी जगभर आहेत. एका सकाळी त्याच पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती दिसू लागतात, आणि शाळेच्या वार्षिकांकात, ग्रंथांच्या मलपृष्ठांवर, पुतळ्यांच्या कोनशिलांवर छापलेला तो पत्ता कोणाला पुसता येत नाही. ज्याला पुढच्या पिढीकडे सोपविण्याची व्यवस्था करणे शक्य नाही त्याने थोर नावाची जबाबदारी एकट्याच्या अंगावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून हे काम मुळात संस्थांचे आहे, आणि आपल्या संस्था याबाबतीत निर्धास्त आहेत हे सांगताना खेद होतो. विद्यापीठांना ‘एसी डॉट इन’ची तटबंदी मिळते, तेथील नोंदणी ‘अर्नेट’ या संस्थेकडे असून ती शिक्षणसंस्थांवाचून इतरांना खुली नाही, तसेच ‘गव्ह डॉट इन’मध्ये शासनाबाहेरच्या कोणाला शिरकाव नाही. पण ही तटबंदी विद्यापीठाच्या पत्त्याची आहे, ज्याचे नाव विद्यापीठाने धारण केले त्या माणसाच्या नावाची नव्हे. आणि तटाबाहेर डॉट कॉम, डॉट इन, डॉट ओआरजी ही मैदाने सताड उघडी आहेत. त्यातच रोमन अक्षरांची अडचण. पंजाबराव हे नाव लिहिताना ‘पी’नंतर ‘ए’ घालण्याची आणि ‘यू’ घालण्याची अशा दोन्ही रीती प्रचारात आहेत. गाडगे लिहिताना कोणी एक ‘ए’ घालतो, कोणी दोन, कोणी ‘ड’ आणि ‘ग’ यांच्यामध्ये आणखी एक. यातली एक रीत संस्थेने घेतली तर उरलेल्या रीती फसवणाऱ्याच्या उपयोगी पडतात, आणि घाईत लिहिणारा माणूस नेमका तेथेच जाऊन पोहोचतो.

या अडचणीवर २०१४ सालापासून एक चांगला उपाय उपलब्ध आहे, तो म्हणजे देवनागरीतील ‘डॉट भारत’. गाडगेबाबा, तुकडोजी महाराज, पंजाबराव देशमुख ही नावे देवनागरीत लिहिताना कोणत्याही मराठी माणसाची चूक होत नाही, आणि ती ज्यांच्यासाठी मोलाची आहेत त्यांना ती त्याच अक्षरांत वाचण्याची सवय आहे. मोझरी, अमरावती, अकोला, मूर्तिजापूर येथील जी मंडळे आणि ज्या शिक्षणसंस्था या नावांच्या छायेखाली काम करतात, त्यांच्या कार्यकारिणीने पुढच्याच सभेत ठराव करून आपापल्या श्रद्धेय पुरुषाचे नाव देवनागरीत व प्रचलित रोमन रूपांत, शक्य तितक्या दीर्घ मुदतीसाठी, संस्थेच्या नावे नोंदवावे; एखाद्या कारकुनाच्या किंवा उत्साही माजी विद्यार्थ्याच्या नावे नव्हे. परवलीचे शब्द दोन पदाधिकाऱ्यांच्या स्वाधीन असावेत आणि मुदत संपण्याची तारीख जमीन-इमारतींच्या शेजारीच मालमत्तेच्या नोंदवहीत लिहिलेली असावी, म्हणजे दरसालच्या लेखापरीक्षणात ती आपोआप डोळ्यांखालून जाईल. दहा वर्षांचा हा सबंध खर्च एका स्नेहसंमेलनाच्या मंडपाच्या भाड्याहून कमी येईल.